दोन्हीकडे पॅनेलं, मधे चिंचोळा मजकूर

प्रश्न : मी कोड लिहायला नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर वापरते. डावीकडे फोल्डर अ‍ॅज वर्कस्पेस (फोल्डरांचं पॅनेल) असतं, उजवीकडे एकाच चौकटीत फंक्शन लिस्ट (कोडमधल्या फंक्शनांची यादी) आणि डॉक्युमेंट मॅप (अख्ख्या फायलीचं छोटं चित्र). लॅपटॉपवर मजकुराला जागाच उरत नाही. शिवाय दुसरा मॉनिटर काढल्यापासून मुख्य खिडकीबाहेर तरंगतं ठेवलेलं डॉक्युमेंट लिस्ट (उघड्या फायलींची यादी) गायब आहे. मेन्यूत मात्र ते चालू दिसतं.

उत्तर : गायब झालेलं आधी शोधू. ते अजूनही जुन्या मॉनिटरच्या जागीच उघडतंय, म्हणून दिसत नाही. एडिटर पूर्ण बंद करा. विंडोजच्या अ‍ॅपडेटा या फोल्डरात एडिटरचं स्वतःचं फोल्डर असतं, त्यात कॉन्फिग डॉट एक्सएमएल ही सेटिंग्जची फाइल आहे. तिची प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइल विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडा. डॉकिंगमॅनेजरखाली फ्लोटिंगविंडोच्या ओळी दिसतील. तिथले एक्स आणि वाय, म्हणजे पडद्यावरची जागा सांगणारे आकडे, १०० करा. एडिटर चालू ठेवून हे केलंत तर मेहनत वाया, कारण बंद होताना तो ही फाइल स्वतःच्या हिशेबाने पुन्हा लिहितो. पॅनेल दिसलं की शीर्षकपट्टीवर डबल-क्लिक करा, ते कडेला जाऊन बसेल.

आता जागेचं. १३६६ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर दोन बाजूंना २००-२०० गेले की ९६६ उरतात, आणि फोल्डरांची लांब नावं वाचायला आपण पॅनेल आणखी ओढतोच. माझं मत विचाराल तर कडेची पॅनेलं एकाच बाजूला हवीत. फंक्शन लिस्टचा टॅब धरून फोल्डरच्या पॅनेलवर नेऊन सोडा. दोन्ही एकाच चौकटीत टॅब होऊन बसतात. तुम्ही एका वेळी फोल्डर तरी शोधता नाहीतर फंक्शन तरी. पुढे एकच पॅनेल बाहेर काढायचं झालं तर त्याचा टॅब ओढा. शीर्षकपट्टी ओढलीत तर अख्खी चौकट हलते, आणि बहुतेकांची चिडचिड इथेच होते.

डॉक्युमेंट मॅप छोट्या फायलींना निव्वळ शोभेचा. बंद करा. डॉक्युमेंट लिस्टही, मोजक्या फायली उघड्या असतील तर, कंट्रोल-टॅबपुढे फारशी लागत नाही. शोधाचे निकाल मात्र खालीच राहू द्या, त्या ओळी लांबलचक असतात.

फंक्शन लिस्टला सेटिंग्जमधल्या शॉर्टकट मॅपरमधून एखादी मोकळी कळ द्या. तीच कळ पुन्हा दाबली की पॅनेल मिटतं.