बाबांना भेटले, तर माझा ताबा बदलेल का?

प्रश्न: मी सोळा वर्षांची आहे. मी पाच वर्षांची असताना आईबाबांचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला आणि ताबा आईकडे आला. त्यानंतर बाबा कधीच फिरकले नाहीत. आता त्यांचे मेसेज येतात, आम्ही खूप बोलतो. आईला यातलं काही माहीत नाही. मी त्यांना भेटले तर कोर्ट मला त्यांच्याकडे पाठवेल का? की अठरा पूर्ण होईपर्यंत थांबू?

उत्तर: बाबांना भेटणं गुन्हा नाही, आणि भेटल्याने ताबा बदलत नाही. त्यासाठी त्यांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करावा लागेल आणि इतकी वर्षं कुठे होतात, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल. तुझ्या वयाच्या मुलीला न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये बोलावतात, आईवडिलांना बाहेर थांबवतात आणि तिचं म्हणणं स्वतः ऐकतात. समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची तरतूद १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच आहे. शेवटचा निर्णय मात्र कोर्टाचा, तोही तुझं हित पाहून.

पण घटस्फोटाचा हुकूमनामा वाचल्याशिवाय पाऊल उचलू नकोस. त्याला दोघांच्या सह्यांच्या अटी जोडलेल्या असतात, त्यात मुलीच्या भेटीबद्दल काय ठरलंय ते बघ. ठरावीक दिवशी भेट असं लिहिलं असेल, तर ते अजूनही लागू आहे. भेट नाही असं ठरलं असेल, तरी मुलांबाबतचे हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलून घेता येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात तसं म्हटलंय. मात्र मारहाणीसारख्या कारणाने कोर्टानेच भेटीला मनाई केली असेल, तर बाबांनी कितीही गळ घातली तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय जाऊ नकोस.

हे कागद आईकडेच असणार, म्हणजे आईला सांगणं आलंच. आणि सांगायलाच हवं. तू न सांगता गेलीस आणि घाबरून ती पोलिसांत गेली, तर अठराखालचं मूल बेपत्ता म्हणून अपहरणाचा गुन्हा नोंदला जाईल आणि बाबांना थेट पोलीस ठाण्यात बसावं लागेल. शिवाय मेसेज करणारा माणूस खरंच तुझे बाबा आहेत, हे आईखेरीज कोण ओळखणार? पाच वर्षांच्या मुलीला चेहरा कितीसा आठवणार, बाळा. त्यांचा फोटो आधी तिला दाखव. मेसेज पुसू नकोस.

एकटीने बोलायचं धाडस होत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आईलाही मिळेल.

पैशांचा विषय भेटीशी जोडू देऊ नकोस. आईने अटींमध्ये तुझी पोटगी सोडली असली, तरी तो हक्क तुझा आहे, तिच्या सहीने संपत नाही. उलट, बाबा खर्च देत नाहीत एवढ्यावरून भेटही थांबत नाही. बाबांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही मात्र करू नकोस.

अठरापर्यंत थांबायची गरज मला वाटत नाही. आईला सगळं माहीत झालं आणि हुकूमनाम्यात आडकाठी नसली, की दिवसाउजेडी, चारचौघांतल्या जागी भेट. आईच्या विश्वासातलं एक माणूस जवळपास असू दे. पहिल्या खेपेला तास-दोन तास पुरे, आणि राहायला जायचं वचन त्या दिवशी देऊ नकोस.