मोपेडवरून मोबाईल हिसकावतात ते कोथरूडमध्ये खरंच होतं का? आणि गेलाच तर आधी काय करायचं?

तुम्ही विचारलंय की मुलीला कॉलेजसाठी कोथरूडला पीजीत ठेवताय, तिकडं मोपेडवरून मोबाईल ओढून नेतात असं ऐकलं, ते खरंय का आणि गेलाच तर पहिलं काम काय. खरंय. माझाच गेलाय, म्हणून लिहितेय. म्हणजे घाबरून पीजी बदलावा असं काही नाही, कोथरूड राहायला चांगलंच आहे, पण पूर्वी सकाळी फिरायला निघालेल्या आज्यांची मंगळसूत्रं ओढायचे आणि आता मोबाईल ओढतात, एवढं धरून चाला. सोनं लोक लपवतात तरी, मोबाईल आपण स्वतःच तोंडासमोर धरून रस्त्याच्या कडेला उभे असतो.

मी तशीच उभी होते. गेल्या वर्षी नवरात्रात, रात्री साडेआठच्या आसपास, डहाणूकर कॉलनीच्या जवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी. रिक्षाचं ॲप उघडलेलं, मॅपवर ती छोटी रिक्षा उलट दिशेला का चाललीय ते बघत होते. मागून मोपेडचा इंडिकेटर टिकटिक करत आला, मला वाटलं कुणीतरी सोसायटीत वळतंय म्हणून मी उलट बाजूला सरकून जागा दिली (हो, जागा दिली!), आणि मागच्या पोराने फोन वरून नाही, खालून, तळहाताच्या बाजूने असा उचकून घेतला. धक्का नाही, ओरडा नाही. गाडी पौड रोडच्या दिशेने गेली पण आणि माझा हात अजून तसाच वर, अंगठा हवेत स्क्रोल करत होता. नंबर प्लेट? एमएच १२ एवढं दिसलं, ते तर पुण्यात सगळ्यांचंच, पुढचा भाग वर दुमडलेला होता.

मोपेडच का, तर बिनगियरची गाडी गर्दीत हळू चालवायला सोपी, अरुंद गल्लीतून कुठूनही बाहेर काढता येते, आणि पुण्यात मोपेडकडे कोण बघतंय. गाडी बऱ्याचदा तीसुद्धा चोरलेलीच असते. म्हणून मागे पळू नका आणि मुलीलाही तेच सांगा. आमच्या ऑफिसमधली एकजण पळाली, पडली, फोन गेला तो गेलाच आणि वर मनगट फ्रॅक्चर.

आता मुख्य मुद्दा, जो मला तेव्हा कुणी सांगितला नव्हता. हँडसेट गेल्याचं दुःख नंतर करा, आधी सिम बंद करा. कारण माझा फोन अनलॉक होता, आणि त्यात चालू सिम होतं. यूपीआयला पिन लागतो म्हणून आपण निवांत असतो, पण तो पिन नवीन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, एक्सपायरी आणि सिमवर येणारा ओटीपी काही बँकांना पुरतो, किंवा आधारवरून करायचा तर आधारचा नंबर आणि ओटीपी. आणि माझ्या गॅलरीत काय होतं? कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो, नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेला, आणि आख्ख्या घराची आधार कार्डं. म्हणजे किल्ली आणि कुलूप एकाच पिशवीत घालून मी ती पिशवी रस्त्यावर धरून उभी होते. तुमच्या मुलीच्या फोनमध्येही ॲडमिशनसाठी काढलेले हे सगळे फोटो असणार, ते आज बसून डिलीट करा, ट्रॅशमधून पण.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या दादांनी स्वतःहून फोन पुढे केला, म्हणाले "ताई, घरी लावा आधी." आणि मला नवऱ्याचा नंबर आठवेना. लग्नाला नऊ वर्षं झालीत. आठवला तो साताऱ्याच्या माहेरचा लँडलाइन, शाळेत असल्यापासून पाठ. बाबांनी पहिलं विचारलं "लागलं नाही ना कुठं?" आणि दुसरं "हप्ते फिटले होते का?" मग त्यांनी वहीतून नवऱ्याचा नंबर वाचून दाखवला. तर मुलीला तुमचा नंबर तोंडपाठ करायला लावा, हसू नका.

सिम बंद करायला कंपनीच्या कस्टमर केअरला दुसऱ्या कुठल्याही फोनवरून कॉल करता येतो, ओळख पटवायला नाव, जन्मतारीख, पर्यायी नंबर असलं विचारतात. मला तिथं पोचेपर्यंत बराच वेळ "एक दाबा, दोन दाबा" चालू होतं. त्याच वेळात नवऱ्याने लॅपटॉपवरून गुगलमध्ये जाऊन फोन लॉक केला आणि बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करायला लावलं. पैसे वाचले. तुमचे गेले असतील तर १९३० ला लगेच कॉल करायचा, सायबर फ्रॉडचा नंबर आहे, जेवढ्या लवकर कराल तेवढी ते पैसे वाटेत अडकवले जाण्याची शक्यता जास्त.

मग पोलीस. इथं जरा ताठ राहा. चौकीत गेल्यावर मला एक छापील अर्ज दिला, "मोबाईल गहाळ झाल्याबाबत". मी म्हटलं गहाळ कुठं झालाय, हातातून ओढून नेलाय. तर "मॅडम, सिम मिळायला हा दाखला चालतो, कशाला कोर्टकचेरी." चालतो, खोटं नाही ते, पण गहाळची नोंद म्हणजे गुन्हाच घडला नाही, मग शोधायचं कुणाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ हे खास हिसकावण्यासाठीच आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. जुन्या आयपीसीत असं वेगळं कलमच नव्हतं, चोरीत घाला नाहीतर जबरी चोरीत. मी शांतपणे ३०४ म्हटलं तसं ठाणे अंमलदारांनी मान वर करून बघितलं आणि "वकील आहात का" विचारलं. नाही हो, बाहेरच्या बाकड्यावर बसून नवऱ्याच्या फोनवर वाचलं आत्ताच. दीड तास गेला पण एफआयआर झाला. त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. हद्दीवरून टोलवायला लागले तर शून्य क्रमांकाने नोंदवा म्हणायचं, नवीन कायद्यात तीही सोय स्पष्ट लिहिलीय.

यानंतर सीईआयआर, म्हणजे चोरीचा फोन ब्लॉक करायची सरकारी सोय. संचार साथी या सरकारी साईटवर आहे, तिथं आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर) टाकून फोन ब्लॉक केला की देशात कुठल्याच नेटवर्कवर तो चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलं तर पोलिसांना कळतं. यासाठी एफआयआरची प्रत, ओळखपत्र, बिल, आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम लागतं, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. गंमत अशी की नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएसच येत नाहीत, नियमच आहे तसा, तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणी सिम काढलं तर तुम्हाला वेळ मिळावा म्हणून. मला हे माहीत नसल्याने मी रात्रभर ओटीपी रिसेंड करत बसले.

आयएमईआय १५ आकडी असतो, *#०६# दाबलं की दिसतो, पण फोनच नसताना दाबणार कशावर. तो बॉक्सवर असतो. सासूबाई एकही खोका टाकत नाहीत यावरून मी आजवर किती वेळा कुरकुर केलीय, तोच खोका माळ्यावरून निघाला, आत मागच्या दिवाळीच्या पणत्या. आता तो नंबर डायरीत लिहून ठेवलाय आणि सासूबाई गप्पच आहेत, पण हसतात.

मुलीच्या फोनमध्ये दोन गोष्टी करून द्या. एक म्हणजे सिमला पिन लावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय चालत नाही. फक्त आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या, अंदाजाने तीनदा चुकलात तर सिम लॉक होऊन पीयूके (कंपनीकडून घ्यायचा अनलॉक कोड) मागत बसेल. दुसरं, अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' शोधून चालू करा, फोन झटक्यात ओढून पळाल्यासारखं वाटलं की तो स्वतःच लॉक होतो. आयफोनला 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, आयओएस १७.३ पासून. माझ्या फोनात हे नव्हतं, किंवा असेल तर मी बघितलं नव्हतं. बाकी रस्त्यावर फोन बघायचा तर गेटच्या आत नाहीतर दुकानाच्या पायरीवर चढून, गाड्यांकडे तोंड करून. रिक्षात उघड्या बाजूच्या हातात धरून बोलणं बंद.

माझा फोन मिळाला, ते राहिलंच. पाच महिन्यांनी तपासी अंमलदारांचा कॉल आला की त्यात कुणीतरी दुसरंच सिम घातलंय. गेले तर तिथं बाकड्यावर एक विशीतला पोरगा बसलेला, डिलिव्हरीचं काम करणारा, त्याने सहा हजारांना बिलाशिवाय घेतला होता, घेतला तेव्हापासून नेटवर्क येत नाही म्हणून दोन दुकानं फिरला होता बिचारा. मी सह्या करत होते तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ताई, माझ्या सहा हजारांचं काय?" साहेब म्हणाले, ज्याने विकला त्याला विचार. मला काय बोलावं कळेना. मग त्याला सांगितलं की पुढच्या वेळी जुना फोन घेताना आधी इंग्रजीत केवायएम, स्पेस देऊन आयएमईआय, असा मेसेज १४४२२ ला टाक, ब्लॉक केलेला असेल तर लगेच कळतं. त्याने माझ्याकडून पेन घेतलं आणि तळहातावर १४४२२ लिहून घेतलं, लिहायला त्याच्याकडे फोन नव्हता ना आता.