डब्ल्यू गुणसूत्राची झीज, ऱ्हास की पडझड?

वाईच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे: "बारावीच्या मुलांसाठी पक्ष्यांच्या लिंगगुणसूत्रांवर टिपण लिहिते आहे. डब्ल्यू गुणसूत्राची 'झीज' झाली असं मी लिहिलं. सहकारी म्हणतात, 'ऱ्हास' लिहा. बरोबर काय?"

ताई, मला दोन्ही शब्द पटत नाहीत. 'ऱ्हास' नीतीचाही होतो आणि जंगलाचाही. काहीतरी कमी झालं एवढंच त्यातून कळतं, कसं ते कळत नाही. 'झीज' मात्र कारण सांगते, आणि इथे ते कारणच चुकीचं आहे. देवळाची पायरी झिजते, सहाण झिजते. घासल्याशिवाय झीज नाही.

डब्ल्यूचं घडलं नेमकं उलट. कोंबड्याकडे झेड-झेड आणि कोंबडीकडे झेड-डब्ल्यू अशी जोडी असते. (म्हणून पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं, माणसाच्या उलट.) ही दोन गुणसूत्रं मुळात एक साधी, सारखी जोडी होती. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात आणि बिघडलेली जनुकं त्या अदलाबदलीमुळे पिढ्यांच्या ओघात मागे पडतात. झेडला कोंबड्याच्या शरीरात दुसरं झेड भेटतं. डब्ल्यू फक्त मादीत, तेही एकटं. टोकाचा छोटा भाग सोडला तर झेडशी त्याची अदलाबदल थांबली, बिघाड साचत गेले, जनुकं गळत गेली. घासणं कुठेच नाही. संबंध तुटला, हे कारण.

मग 'जीर्ण' म्हणावं? तोही शब्द एमूपुढे टिकत नाही. एमूचं आणि कोंबडीचं डब्ल्यू एकाच पूर्वजाकडून आलेलं, म्हणजे वय तेच. तरी एमूचं डब्ल्यू अजून बरंचसं झेडसारखं आहे, कारण त्यांची अदलाबदल मोठ्या भागात चालू राहिली. तेव्हा नुसत्या वयावर बोट ठेवता येत नाही.

माझा शब्द 'पडझड'. आपल्या साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांना तो आपण रोज लावतो. माणसांचा वावर असतो तोवर वाडा उभा असतो. कुलूप लागलं की कौलं सरकतात, भिंती फुगतात. पडझड एकदम होत नाही, एकेक खण बंद होत जातो. पक्ष्यांतही अदलाबदल एका झटक्यात थांबली नाही, भागाभागाने थांबली. जो भाग आधी बंद पडला, तिथली मोडतोड जास्त. 'अतिवृष्टीने घरांची पडझड' अशा बातम्यांमुळे शब्दाला अचानकपणाचा वास येतो, हे मान्य. पण 'हळूहळू पडझड' लिहिलं की तो जातो.

तेव्हा वाक्य असं करा: "झेडशी अदलाबदल थांबल्यामुळे डब्ल्यू गुणसूत्राची हळूहळू पडझड झाली."

तुमच्या टिपणाच्या पुढच्या ओळीतल्या 'उरलेली जनुकं'मध्येही एक बदल सुचवतो. उरणं योगायोगानेही होतं. कोंबडीच्या डब्ल्यूवरची बरीचशी जनुकं मात्र अशी आहेत, की त्यांची फक्त झेडवरची एकच प्रत राहिली तर पक्ष्याचं काम अडतं. त्यांना 'टिकलेली' म्हणा.