पालेभाजीवरचे परजीवी जिवंत की मृत?

प्रश्न : कोथिंबिरीवर परजीवींच्या पुटी (कठीण कवचातली सुप्त अवस्था) असतील, तर त्या जिवंत आहेत हे प्रयोगशाळेत कसे कळते? मिठाच्या पाण्यात भाजी धुणे पुरेसे आहे का?

उत्तर : क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीची पुटी जेमतेम 4 ते 6 मायक्रोमीटरची असते. त्यामुळे पाने द्रावणात खळबळून त्यातला गाळ वेगळा करतात आणि चमकणारा रंग जोडलेल्या प्रतिपिंडांच्या (ठरावीक परजीवीलाच चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने पुटी सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. आयएसओ 18744 या 2016 च्या आंतरराष्ट्रीय मानकाची पद्धत साधारण अशीच आहे, पण तिच्यातून पुटी जिवंत आहे की नाही हे ठरत नाही. डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी नेहमीची पीसीआर चाचणीही मृत परजीवीचा डीएनए धरूनच मोजते, आणि खरी अडचण इथेच आहे. म्हणून पीसीआरच्या आधी पीएमए हा डीएनएला चिकटणारा रंग वापरतात. तो फाटलेल्या आवरणातूनच आत शिरतो, प्रकाश पडताच मृत पेशीच्या डीएनएला घट्ट चिकटतो, त्यामुळे तो डीएनए पीसीआरमध्ये मोजला जात नाही आणि उरतो तो बहुतांशी जिवंतांचाच संकेत.

मिठाच्या पाण्यावर विसंबू नये. क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनलाही सहजी दाद देत नाही. जुडी सोडून देठांच्या बेचक्यांतली माती वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळून काढल्यास धोका कमी होतो. परंतु घरात तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण असेल, तर पालेभाजी शिजवूनच द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.