अँडीजमध्ये ज्वालामुखी आहेत, मग हिमालयात का नाहीत?

दोन्ही पर्वत भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांवर आदळूनच उभे राहिले, हे खरं. फरक आहे तो आदळलं काय, यात.

अँडीज आहे त्या दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला नाझ्का नावाचा भूपट्ट खंडाखाली घुसतोय. तो सागरतळाचा, म्हणजे जड खडकाचा, आणि मुख्य म्हणजे त्याच्या खनिजांत पाणी अडकलेलं असतं. साधारण 100 किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या थरात, शिरतं. त्यामुळे तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. खडक निव्वळ घर्षणाच्या उष्णतेने वितळतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरी करामत पाण्याची.

हिमालयात दोन्ही बाजूंना खंडच, भारत आणि आशिया. खंडाचा खडक हलका, तो खोल बुडत नाही. चुरगळतो, एकावर एक चढतो. म्हणून तर तिबेटखाली कवच सुमारे 70 किलोमीटर जाड झालंय आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. खाली पाणी नेणारा सागरतळच उरला नाही, त्यामुळे ज्वालामुखी नाहीत. भूकंप मात्र दोन्हीकडे.

पूर्वी तसं नव्हतं. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी टक्कर होण्याआधी या दोघांमधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता, तेव्हा तिथेही ज्वालामुखी होते. लडाखचा ग्रॅनाइट हा त्याच शिलारसाचा, खोलवर थिजलेला. आणि आपल्याकडे आजही सागरतळ खाली जातोय तो अंदमानजवळ. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी त्यामुळेच जागा आहे.