पुण्यातील आमच्या वर्गात ‘मिळालेल्या १०० रुपयांतले शेजाऱ्याला किती द्याल?’ हा प्रयोग घेतला, बहुतेकांनी निम्मे दिले. यावरून पुणेकर विद्यार्थी उदार ठरतात का?

तसा निष्कर्ष काढता येणार नाही, कारण ओळखीच्या शेजाऱ्याला, प्राध्यापकांच्या देखत दिलेल्या पैशांत औदार्याइतकाच लोकलाजेचाही वाटा असतो. अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोणी किती दिले हे प्रयोग घेणाऱ्यालाही कळणार नाही अशी व्यवस्था होती: नोटा काढून घेणाऱ्याने त्यांच्या जागी तितकेच कोरे कागद ठेवायचे, म्हणजे पाकिटाची जाडी कायम राहते. तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांनी समोरच्याला काहीच दिले नाही. समाजागणिकही फरक पडतो. देऊ केलेला वाटा समोरचा नाकारू शकतो अशा खेळात पेरूमधील माचीगेंगा लोकांनी सरासरी २६ टक्के देऊ केले, तर इंडोनेशियातील लामालेरा गावात, जिथे देवमाशाची शिकार एकत्र करून ठरलेल्या रीतीने वाटून घेतात, हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. तुमचा प्रयोग पुन्हा घेणार असाल, तर माझ्या मते हे दोन बदल अत्यावश्यक आहेत:

- चिठ्ठ्या निनावी आणि पाकिटे बंद ठेवा.
- जोडी दुसऱ्या महाविद्यालयातील अनोळखी विद्यार्थ्याशी लावा.

मात्र निनावी प्रयोगात आकडा घसरला, तरी वर्गातले औदार्य खोटे होते असे समजू नका. स्मिथ यांच्या त्या प्रयोगातही सुमारे एक तृतीयांश जणांनी कोणी पाहत नसताना काही ना काही दिलेच होते.