जर्मनीत ग्रीन पक्षाची मतं घटली, मग पर्यावरणाच्या राजकारणाला पुढे वाट आहे का?

आहे. पण टीव्हीवर सांगतात ती नव्हे. उत्तर लांबणार आहे, कारण हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. मी स्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात राहतो, 2021 पासून ग्रीन पक्षाचा सभासद आहे आणि निवडणूक आली की शनिवारच्या बाजारात पक्षाच्या टेबलामागे उभा राहतो. "ग्रीन संपले" असं कुणी लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

आधी आकडे. फेब्रुवारी 2025 मध्ये पक्षाला 11.6 टक्के मतं मिळाली, 2021 ला 14.8 होती. घट झालीच. तरी संसदेच्या निवडणुकीत पक्षाला आजवर मिळालेला हा दुसऱ्या क्रमांकाचा आकडा आहे. 2021 नंतर ग्रीन ज्या आघाडी सरकारात होते, त्यातले सोशल डेमोक्रॅट 25.7 वरून 16.4 वर आले, तिसरा भागीदार, उदारमतवादी एफडीपी, 4.3 टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर गेला. आठवड्याभराने हॅम्बुर्गच्या निवडणुकीत ग्रीनना 18.5 टक्के मिळाले. पूर्वेकडे मात्र सप्टेंबर 2024 मध्ये थुरिंगिया आणि ब्रांडेनबुर्ग, दोन्ही विधानसभांतून पक्ष बाहेर पडला होता, कारण किमान पाच टक्के मतांची अट पार झाली नाही. म्हणजे मोठ्या शहरांत तग धरली आणि पूर्वेत पाय उखडले. याला संपणं म्हणत नाहीत. पण "ठीक चाललंय, फक्त आपण लोकांना समजावण्यात कमी पडलो" असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, आणि ते जुनं आहे.

मी मूळचा चिपळूणचा. बाजारपेठेत वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. 14 जुलै 2021 च्या रात्री इथे आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. जर्मनीत 180 च्या वर माणसं गेली. ऑफिसात दुसरा विषय नव्हता. आठ दिवसांनी, 22 जुलैला, वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानात शिरलं. 2005 च्या पुराची रेघ बाबांनी भिंतीवर मारून ठेवली होती, पाणी तिच्याही वर हातभर चढलं. फोन लागायला दीड दिवस गेला. लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "आम्ही वरच्या मजल्यावर आहोत. माल गेला." त्यानंतर महिन्याभरात मी पक्षाचा फॉर्म भरला. सभासद व्हायला इथलं नागरिकत्व लागत नाही, मताला लागतं. भारतीय पासपोर्ट परत करून ते मी 2024 मध्ये घेतलं आणि पहिलं मत फेब्रुवारी 2025 मध्ये दिलं. हे सांगतोय ते एवढ्याचसाठी, की पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मला कुणी विरोधक समजू नये.

आता मे 2023. आमची इमारत सहा घरांची आणि तळघरातला गॅस बॉयलर 1994 चा. त्या हिवाळ्यात तो दोनदा बंद पडला होता. घरमालकांची वार्षिक मीटिंग गावातल्या क्रीडा मंडळाच्या उपाहारगृहात, मागच्या खोलीत. विषय क्रमांक पाच: हीटिंग. नवीन हीटिंग 65 टक्के अपारंपरिक ऊर्जेवर चालली पाहिजे, या कायद्याचा मसुदा फेब्रुवारीअखेर पेपरांत फुटला होता आणि टॅब्लॉइडांनी "हीटिंगचा हातोडा" म्हणून देश पेटवला होता. कायदा आणणारे मंत्री आमच्याच पक्षाचे, रॉबर्ट हाबेक.

मी दोन रविवार घालवून चौदा स्लाइड केल्या होत्या. कार्बन, गॅसच्या किमती, रशिया, सगळं. व्यवस्थापकाने दोन अंदाज आणले होते: नवीन गॅस बॉयलर सुमारे 28,000 युरो, हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात ओढणारं यंत्र, 95,000. सहा घरांत वाटलं की एकाला पाच हजारांच्या आत आणि दुसऱ्याला जवळजवळ सोळा हजार.

तळमजल्यावर एक आजी राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच असतात. माझ्या मुलीला जर्मन वाचायला त्यांनी शिकवलं. माझं बोलणं चालू असताना त्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी मांडत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हे पैसे किती वर्षांत वसूल होतात?"

मी म्हणालो, पंधरा-सोळा.

"मी 79 वर्षांची आहे," त्या म्हणाल्या.

यावर मी जे बोललो ते आजही आठवलं की बोचतं. मी म्हणालो, हा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. ज्या बाईने माझ्या मुलीला मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं, तिला मी हे सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मला कळतं. सोळा हजार कुठून आणायचे ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या पक्षाकडेही नव्हतं, आणि मुद्दा हाच आहे. तेव्हाच्या मसुद्यात 80 वर्षांवरच्या काही घरमालकांना सूट होती, पुढे तीही गेली. कायदा संसदेत 8 सप्टेंबर 2023 ला पास झाला, अनुदानाचे नियम डिसेंबरअखेर आले, आणि आमच्यासारख्या सामायिक मालकीच्या इमारतींना अर्ज भरता आला तो मे 2024 अखेरपासून. म्हणजे आमच्या मीटिंगनंतर एक वर्षाने! कमी उत्पन्नाच्या माणसाला खर्चाच्या 70 टक्क्यांपर्यंत मदत, अशी ती चांगली योजना आहे. ती मे 2023 मध्ये माझ्या हातात असती तर त्या खोलीतला निकाल वेगळा लागला असता. मतदान झालं, चार विरुद्ध दोन. ऑक्टोबरमध्ये नवा गॅस बॉयलर बसला. तो निदान वीस वर्षं चालेल.

आमचीच गोष्ट नाही ही. 2023 मध्ये देशात हीटिंगच्या विक्रीचा विक्रम झाला, तेरा लाखांच्या वर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त गॅसवरची. कायद्याची धास्ती घेऊन लोकांनी घाईघाईने तेच विकत घेतलं, जे कायद्याला नको होतं.

आता भांडण. आमच्या शाखेत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, पक्षात माझ्यापेक्षा पंचवीस वर्षं जुने. निकालानंतरच्या बैठकीत ते म्हणाले, लोकांना विषय समजला नाही, आपला संदेश पोचला नाही. मी म्हणालो, त्या आजींना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त समजत होतं, हिशोब त्यांनी मांडला होता, आपण नाही. ते म्हणाले, हवामान घासाघीस करत नाही. आमची त्या दिवसापासून बोलाचाली जेमतेम आहे.

माझं म्हणणं असं. सरांच्या छपरावर 2006 पासून सोलर आहे. ते त्यांनी भूमातेच्या प्रेमापोटी लावलं असेल, मला शंका नाही. पण 2000 च्या अपारंपरिक ऊर्जा कायद्याने त्यांना वीस वर्षं ठरलेला भाव बांधून दिला होता, 2006 च्या जोडणीला युनिटमागे 50 सेंटच्या वर. तो पैसा आला कुठून? प्रत्येकाच्या वीजबिलावरच्या अधिभारातून. 2017 मध्ये तो युनिटला जवळपास 7 सेंट होता आणि जुलै 2022 मध्ये बंद झाला. म्हणजे तळमजल्यावरच्या आजी, ज्यांच्या नावावर छप्परच नाही, वर्षानुवर्षं सरांच्या छपराचे पैसे भरत होत्या. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही, सोलर जगभर स्वस्त होण्यात त्याचा मोठा हात आहे. पण ज्याला आधी पैसे हातात मिळाले, त्याने ज्याच्याकडे आधी पैसे मागितले त्याला "तुला समजलं नाही" म्हणू नये.

दुसरी गोष्ट कार्बन करवाल्या पैशाची. 2021 पासून इथे पेट्रोल आणि गॅसवर, त्यातून निघणाऱ्या कार्बनच्या टनामागे, 25 युरो लागले, 2025 मध्ये 55 झाले. याची भरपाई म्हणून लोकांना "हवामान-पैसा" द्यायची व्यवस्था उभी करू, असं सरकार बनवताना करारात लिहिलं होतं. एक सेंट आला नाही. स्वित्झर्लंडमध्ये अशा कराचा मोठा भाग लोकांना आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वळता करून मिळतो. मला विचाराल तर पुढची वाट इथून सुरू होते: आधी परतीचा पैसा खात्यात, मग दर वाढवा. लहान घरात राहणाऱ्या, गाडी नसलेल्या बाईच्या हातात दरवर्षी काही रक्कम उरली, तर ती हवामानाच्या कायद्याची राखण स्वतः करेल. 2025 मध्ये घरभाड्यावर बोलणारा डावा पक्ष 4.9 वरून 8.8 वर गेला. त्यात आमची मतं बरीच होती. टेबलापाशी येऊन लोक सांगून जायचे.

आणि जरा मागेही बघा. या पक्षाची मुळं कुठली? आमच्याच राज्यात, कैझरश्टूलच्या डोंगराजवळ व्हील गावी अणुवीज प्रकल्प यायचा होता. फेब्रुवारी 1975 मध्ये ती जागा ताब्यात घेऊन बसले ते द्राक्षं पिकवणारे शेतकरी, त्यांच्या बायका, गावचे पाद्री. पिढ्यान् पिढ्या परंपरावादी ख्रिश्चन डेमोक्रॅटना मत देणारी माणसं. थंड करायच्या मनोऱ्यांच्या वाफेने धुकं धरेल आणि द्राक्षं नासतील, ही त्यांची भीती. पोटाचा प्रश्न होता म्हणून ते थंडीत बसले. प्रकल्प झाला नाही. पाच वर्षांनी, 1980 ला, पक्ष स्थापन झाला. उलट 1990 मध्ये, देश एक होत असताना, आमच्या पक्षाने घोषणा दिली होती की सगळे जर्मनीबद्दल बोलतात, आम्ही हवामानाबद्दल बोलतो. पश्चिमेत 4.8 टक्के मिळाले आणि खासदार घरी गेले. घोषणेत चूक काहीच नव्हती. समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ऐकलं नव्हतं.

आपल्याकडचंही थोडक्यात सांगतो. पश्चिम घाट कसा राखावा यावर सरकारने नेमलेल्या समितीत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी हेच मांडलं होतं की निर्णय ग्रामसभेत व्हावेत. अहवाल 2011 मध्ये दिला, लोकांसमोर यायला 2012 उजाडलं. तोवर कोकणात "शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही" हे घरोघर पोचलं होतं. चिपळूणजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांबद्दल त्यात लिहिलं होतं, ते आमच्या तालुक्यात किती जणांना माहीत असेल? ग्रीन नावाचा पक्ष भारतात उभा राहील का, यात मला फारसा रस नाही. ग्रामसभेला अहवाल तिच्या भाषेत मिळतो का, यात आहे.

काही गोष्टी न सांगणं बरोबर नाही. सगळा दोष हीटिंगच्या कायद्यावर टाकता येत नाही. युक्रेन युद्धाने गॅस महागला, नोव्हेंबर 2023 मध्ये घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीतली 60 अब्ज युरोंची तरतूद रद्द केली, भागीदार एफडीपी आतून ओढत होता. आणि त्या कायद्याने शेवटी काम केलं: 2025 च्या पहिल्या सहामाहीत हीट पंप गॅस बॉयलरपेक्षा जास्त विकले गेले. बाहेरच्या देशांतून एकच धडा निघत नाही. आयर्लंडमध्ये सरकारात बसलेल्या ग्रीनचे 2024 मध्ये बारावरून एक खासदार झाले, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विरोधात असलेल्यांचे एकावरून चार. सरकारात गेलं की मार बसतो, एवढं खरं. म्हणून सरकारात जाऊच नये, हे मला पटत नाही. सरांना अलीकडे पटायला लागलंय.

आजी आता 81 च्या आहेत. मार्चच्या मीटिंगसाठी छपरावरच्या सोलरचा विषय मी लावला आहे, सामायिक, सहाही घरांचा. या वेळी स्लाइड नाहीत. एकच कागद केलाय: घरागणिक वाटा, महिन्याचा हप्ता, बिलातली बचत, आणि ज्याला एकदम भरता येत नाही त्याचा वाटा इमारतीच्या देखभाल निधीतून कसा उचलायचा. गेल्या आठवड्यात तो कागद आधी आजींकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली, एकेक ओळ खाली उतरत गेल्या. शेवटच्या ओळीवर थांबून म्हणाल्या, "इन्व्हर्टर बिघडला तर तो बदलायचे पैसे यात कुठे आहेत?"

नव्हते. ती ओळ आज घालतोय.